पुढच्या ब्रेकचा उजवा शू

पडलेली सायकल दुकानात येते तेव्हा तिच्याबरोबर एक कुत्रंही येतं. प्रत्यक्षात नाही, गोष्टीत. "काय झालं?" असं विचारलं की दहातले आठ जण सांगतात, "काही नाही हो, कुत्रं आडवं आलं." बिबवेवाडीतल्या कुत्र्यांना सायकलींना आडवं जाण्यापलीकडे काही उद्योग नसावा, असं ऐकणाऱ्याला वाटेल. मी वाद घालत नाही. मान हलवतो, सायकल स्टँडला लावतो आणि तिलाच विचारतो.

डाव्या पॅडलची कड घासलेली आणि डावी मूठ फाटलेली असेल तर माणूस डावीकडे घसरला. बहुतेक ओल्या रस्त्यावर, वळताना. पुढच्या चाकाची रिंग वाकडी झाली असेल आणि चिमटा मागे दबला असेल तर समोरून धडक. चिमटा म्हणजे ज्याच्या दोन पायांमध्ये पुढचं चाक बसतं तो भाग. तो मागे दबला की समजायचं, कुत्रं नव्हतं, कडेला उभी केलेली मोटार होती. आणि एकाच बाजूला जरासं खरचटलंय, बाकी सायकल नवीकोरी, असं दिसलं तर गडी सिग्नलला उभ्याउभ्या पडला. हल्ली बूट अडकवायचे पॅडल निघालेत. सिग्नल लाल होतो, साहेब थांबतात आणि पाय सोडवायचं विसरतात. मग सगळ्या चौकासमोर सावकाश आडवे होतात. तेही येऊन कुत्र्याचंच नाव सांगतात.

या अंकाच्या संपादकबाईंची सायकल दुरुस्तीला माझ्याकडे असते. "पासलकर, तुमच्या कामाबद्दल लिहा," असं त्यांनी दोन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी काही बोलल्या नाहीत, दुकानासमोर थांबून नुसती घंटी वाजवली आणि गेल्या. म्हणून लिहायला बसलो. मंडईमागच्या गल्लीत तासाच्या भाड्याने सायकली द्यायचो तिथपासून बिबवेवाडीतल्या या गाळ्यापर्यंत चाळीसेक वर्षं झाली. पुणं हे सायकलींचं शहर होतं वगैरे तुम्ही दुसरीकडे वाचालच. मला त्यातलं इतकंच आठवतं की तेव्हा पंक्चरं फार असायची.

तेव्हाची सायकल लोखंडाची. लोखंडाचा स्वभाव चांगला, वाकतं पण तुटत नाही. वाकलेला चिमटा आम्ही पाइपात घालून सरळ करायचो, आऊट झालेलं चाक आरे पिळून वळणावर आणायचो, पॅडलचा दांडा वाकला तर दगडावर ठेवून दोन हातोड्या. फेकून द्यायचं हा शब्दच नव्हता. "पासलकराकडे टाका, तो सरळ करतो," असं पेठेत म्हणायचे आणि मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? आताच्या सायकली ॲल्युमिनियमच्या. हे ॲल्युमिनियम वाकल्यावर सरळ केलं की वरून छान दिसतं आणि महिन्याभराने घाटात कटकन तुटतं. त्यामुळे जो हात चाळीस वर्षं सरळ करायला शिकला, त्याला आता 'हे सरळ करायचं नाही, बदलायचं' हे शिकवावं लागतं. डोकं लवकर शिकतं. हाताला वेळ लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा म्हणत नाही, पण पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच्याचमुळे झालं.

माझ्या दुकानात एक रिवाज आहे. पडलेली सायकल आली की मी ती आठ दिवस हुकाला टांगून ठेवतो. पानाही लावत नाही. गिऱ्हाईक चिडतं. पण पडल्यावर पहिले तीन-चार दिवस माणूस दोनच गोष्टी बोलतो. एक तर "विकून टाका", नाहीतर "सगळं नवीन घाला". दोन्ही बोलणं त्याचं नसतं, गुडघ्याच्या जखमेचं असतं. खपली धरली की मग माणूस बोलायला लागतो.

हा रिवाज एका पोराने मला शिकवला. खराडीच्या कुठल्याशा कंपनीत कामाला होता. सायकल घेऊन आला तो लंगडतच.

"अंकल, फुल अपग्रेड मारायचंय. गिअर शिफ्ट होतच नाहीयेत. पूर्ण सेटच चेंज करून टाकू, अकरावाला."

मी पाहिलं, तर मागच्या गिअरला सांगाड्याशी जोडणारी बोटभर पट्टी असते, ती वाकली होती. ती मुद्दाम कच्च्या धातूची करतात, म्हणजे पडल्यावर ती वाकावी आणि बाकीचं वाचावं. विम्यासारखीच असते. ती बदलली की काम संपलं. मी तसं सांगितलं. पण पोरगा तीन दिवस इंटरनेटवर बघून आला होता.

"नाही ना अंकल, मूड झालाय आता."

गिअर अकराचे घेतले की साखळी बारीक लागते. साखळी बारीक झाली की पुढचं दातेरी चक्र बदलावं लागतं. मग हँडलवरचे खटके, मग मागचं चाक. नाल सापडली म्हणून घोडा घेतात तसं झालं. मी सगळं बसवून दिलं, धंदाच आहे माझा. आणि महिन्याभरात त्याने ती सायकल विकली. म्हणाला, "अंकल, चालवताना पडल्याचंच आठवतं." म्हणजे दुखणं गिअरला नव्हतंच. दुखणं कुठे आहे ते न बघता मी पाना चालवला, याचं मला वाईट वाटलं. तेव्हापासून आठ दिवस हूक.

आता निगडे सरांचं सांगतो. त्यांना आणि त्यांच्या बायकोला विचारून लिहितोय, नावं तेवढी बदलली आहेत.

निगडे सर गणिताचे मास्तर, रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झालेली. दर रविवारी सकाळी बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला जायचे आणि नाश्त्याच्या वेळेला घरी. सायकल साधीच, पुढे तीन आणि मागे सात गिअरची, पण काय निगा. तेलाचा एक थेंब इकडेतिकडे नाही. गणपतीच्या आधी ते ब्रेकची रबरं बदलायला आले होते. मी रबरं बदलत असताना त्यांनी विचारलं, "पासलकर, हल्ली सगळे डिस्क ब्रेक घालतात. आपण घालायचे का?"

"तुमच्या या ब्रेकना काय धाड भरलीये, सर?" मी म्हणालो. "नवी रबरं घातली की अजून दहा वर्षं बघायला नको."

तीन रविवारांनंतर ते घाट उतरताना कठड्यावर आदळले. कॉलरबोन मोडलं, हनुवटीला सहा टाके. कोणीतरी टेम्पोतून सायकल माझ्याकडे आणून टाकली. दुसऱ्याच दिवशी सर स्वतः रिक्षाने आले, हात गळ्यात बांधलेला. मी सवयीने विचारलं, "कुत्रं का?"

"नाही हो," ते म्हणाले. "माझी चूक. वळण आलं, ब्रेक दाबायला उशीर झाला. हात आखडला बहुतेक. वय झालं, पासलकर."

कुत्र्याचं नाव न सांगणारा माणूस म्हणून मला त्यांचं कौतुक वाटलं. मी सायकल हुकाला टांगली आणि म्हणालो, "आठ दिवसांनी या."

चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी आल्या. सुलभाताई. टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या, बोलणं एकदम मोजकं. मी स्टूल पुढे केलं, बसल्या नाहीत.

"पासलकर, एक काम आहे. ही सायकल दुरुस्त होत नाही असं यांना सांगा."

"अजून पाहिलीच नाही ताई मी."

"पाहू नका मग. सांगाडा मोडलाय म्हणा. तुमचं ऐकतील ते. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचंही ऐकत नाहीत. सारखा चौकटीचा कागद घेऊन बसतात. डिस्क ब्रेक घालणार, रुंद टायर घालणार, अजून काय काय. माझा हात चुकला तर सायकलने सांभाळून घ्यायला हवं, म्हणतात." मग म्हणाल्या, "आणि एकीकडे स्कूटरची किल्ली माझ्याकडे देऊन टाकलीये. नातीला शाळेत सोडायला जात नाहीत. परवा रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. चाळीस वर्षांत नाही धरला कधी. असा माणूस परत घाटात गेला तर मी काय करू, सांगा."

 बाईंचं चुकत होतं असं मला वाटेना. मी म्हणालो, "आजवर सायकलीबद्दल खोटं सांगितलेलं नाही मी, ताई. पण बघतो. खरंच मोडली असेल तर तसं सांगतो."

"खरंच मोडलेलीच निघू दे," असं म्हणून त्या गेल्या.

आता आठ दिवसांचा नियम माझाच, मोडलाही मीच. सायकल खाली काढली. पुढची रिंग गेलेली. चिमटा मागे दबलेला, तोही बदलावा लागणार. मुख्य प्रश्न सांगाड्याचा. त्याला आमची जुनी युक्ती आहे. मागचं चाक बसतं त्या एका टोकाला दोरा बांधायचा, पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालायचा आणि मागे दुसऱ्या टोकाला आणून ताणून बांधायचा. मग सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्यांचं अंतर मोजायचं. सारखं भरलं तर सांगाडा सरळ. मी तीनदा मोजलं. एका केसाचाही फरक नव्हता. रंगाला कुठे सुरकुती नाही, सांध्यांना चीर नाही. सायकल चांगली ठणठणीत दुरुस्त होण्यासारखी होती. बाईंसाठी वाईट वाटलं.

मग पुढचा ब्रेक खोलायला घेतला आणि उजव्या शूमध्ये रबरच नव्हतं.

ज्यांना सायकलीचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन रबरं रिंगेला चिकटतात आणि चाक थांबतं. रबर ज्या धातूच्या खोबणीत बसतं तिला शू म्हणतात. आगपेटीच्या ड्रॉवरसारखं रबर एका बाजूने आत सरकवायचं. म्हणजे शूचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. वरच्या बाजूला चाक पुढे पळत असतं, ते रबराला पुढे ओढतं. म्हणून बंद तोंड पुढे हवं. उघडं तोंड पुढे आलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाक रबराला खेचून बाहेर काढतं.

उघडं तोंड पुढे होतं.

पहिल्यांदा मनाची समजूत घातली. धडकेत निसटलं असेल. मग रिंग हातात घेऊन उजेडात फिरवली. तिच्या उजव्या अंगाला एक चकचकीत ओरखडा होता, ताजा, सबंध गोल फिरलेला, जिथून सुरू तिथेच येऊन मिळालेला. धडकेचा ओरखडा एका जागी पडतो. गोल फिरायला चाक फिरत असावं लागतं. म्हणजे रबर आधी गेलं, मग नुसता धातू रिंगेवर घासत राहिला, चाक थांबलं नाही, आणि मग कठडा आला. डाव्या शूचंही उघडं तोंड पुढेच होतं. त्यातलं रबर अर्धं बाहेर आलं होतं.

म्हणजे मी उजवा शू डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला होता. साफ करायला दोन्ही काढले, परत लावताना अदलाबदल. रबर सुटू नये म्हणून एक बारीक पिन असते, ती गंजून तुटली होती. रबर घट्ट बसलंय, पिन नसली तरी चालतंय, असं मीच म्हणालो असणार. मला ते आठवतही नाही, इतकं ते हाताने आपोआप केलं. जुन्या सायकलीच्या शूमध्ये आम्ही रबर घातलं की उघडं तोंड हातोडीने ठोकून बंद करायचो. दोन्ही तोंडं बंद, कुठला शू कुठल्याही बाजूला लावा, फरक पडत नसे. चाळीस वर्षं फरक पडला नव्हता. शूवर डावा-उजवा अशी खूण कोरलेली होती. ती वाचायला चष्मा लावावा लागतो. मी लावला नव्हता. डिस्क ब्रेकवर भाषण देत होतो ना.

लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेच्या आधी भीती वाटली. सरांची नव्हे, नावाची. बिबवेवाडी, धनकवडी, इकडे सहकारनगर, सगळीकडून घाटात जाणारे लोक माझ्याकडे सायकली देतात. एकाने दुसऱ्याला सांगायचा अवकाश. आणि त्याच वेळी हेही डोक्यात आलं की बाईंनी तर वाट दाखवूनच ठेवलीये. सांगाडा मोडला म्हणायचं. सायकल भंगारात जाईल, शूही तिच्याबरोबर जाईल. बाई खूश. सर घरी बसतील, सुखरूप राहतील. कोणाचं काय नुकसान?

मी तो शू खोलला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. होय, टाकला. आणि सायकल परत हुकाला लावली.

दुसऱ्या दिवशी काम करताना डोळे सारखे डब्याकडे. एक शाळकरी मुलगी सायकलमध्ये हवा भरायला आली, तिच्या ब्रेकचे शू मी न विचारता तपासले. मग एका दूधवाल्याचे. मग गाळ्यात उभ्या असलेल्या सगळ्या सायकलींचे तपासले, चष्मा लावून. सगळे बरोबर होते. त्यानेही बरं वाटलं नाही. नुकसान कोणाचं, ते मला आता नीट दिसत होतं. सर घरी बसतील ते ठीक, पण आपला हात गेला असं समजून बसतील. जो हात वेळेवर चालला होता, त्याच्यावर त्यांचा कायमचा अविश्वास बसणार. आणि तो बसवणारा मी. तिसऱ्या दिवशी डबा उपडा केला, शू शोधला, पुसला आणि गल्ल्यात ठेवला. पण फोन करून सांगायचं धाडस काही झालं नाही.

आठव्या दिवशी दोघंही आली. सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पापणी जराशी हलवली, म्हणजे 'मी सांगितलं तसं बोला'. सरांनी खिशातून चौकटीचा कागद काढला.

"पासलकर, मी सगळं मांडलंय. चिमटा तर बदलावाच लागेल, बरोबर? मग नवीन चिमटा डिस्कचा घेऊ. त्याला चाक नवीन लागेल, ते घेऊ. टायर रुंद. आणि हँडल उंच, म्हणजे मान वर राहील आणि पुढचं आधी दिसेल." कागदावर रकाने आखलेले होते, प्रत्येक भागासमोर तो कशासाठी ते लिहिलेलं. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'ब्रेक दाबायला लागणारा जास्तीचा वेळ धरून.'

ती ओळ वाचली आणि मग मला थांबता आलं नाही.

"सर, बसा जरा. ताई, तुम्हीही बसा."

गल्ल्यातून शू काढला, त्यांच्या हातात दिला. रिंग आणून मांडीवर ठेवली. तोंड कुठे असायला हवं होतं, कुठे होतं, ते दाखवलं. रबरं मी बदलली होती, मीच उलटी लावली, पिन घातली नाही, हे सांगितलं. गणपतीत वीस मिनिटं आरती लांबते, त्याहून हे लांबल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात दोन मिनिटंही लागली नसतील.

सर मास्तर माणूस. त्यांनी रिंग उजेडात धरली आणि एका हाताने सावकाश फिरवली. पूर्ण फिरवली, मग परत एकदा फिरवली.

"हा ओरखडा सलग आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे रबर गेलं तेव्हा चाक फिरत होतं."

"हो."

"आणि रबर जायला ब्रेक दाबलेला असावा लागतो. जोरात."

"हो, सर."

"म्हणजे मी वेळेवर दाबला होता."

हे त्यांनी मला विचारलं नाही, स्वतःशीच म्हणाले. मग सुलभाताईंकडे वळून पुन्हा म्हणाले, "अगं, मी वेळेवर दाबला होता." त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं मला.

चिडल्या त्या ताई. पण आवाज चढवला नाही.

"तुम्हाला हे कधी कळलं, पासलकर?"

"चार दिवसांपूर्वी. तुम्ही येऊन गेलात त्याच दुपारी."

"आणि चार दिवस तुम्ही हे आमच्यापासून ठेवलंत? हा माणूस चार दिवस आमटीची वाटी दोन हातांनी उचलतोय. मोडलेल्या हाडाने. का, तर म्हणे हाताचा भरवसा नाही."

"चुकलं माझं," मी म्हणालो. याच्यापुढे काय म्हणणार?

सर म्हणाले, "तू का येऊन गेलीस?"

सुलभाताई सरांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "खोटं बोला असं यांना सांगायला. सांगाडा मोडला म्हणा म्हणून. तुम्हाला घाटात जाऊ द्यायचं नव्हतं मला." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पासलकर खोटं बोलले नाहीत, एवढंच."

सरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फाडला नाही, मास्तर कागद फाडत नाहीत. "मग डिस्क कशाला?" ते म्हणाले. "ब्रेक चांगलाच होता की."

इथे मी त्यांना धंद्याचं खरं सांगितलं. डिस्क पावसात चांगला धरतो, यात वाद नाही, आणि चिमटा नवीन घ्यायचाच आहे तर ही वेळ बरी आहे. पण हाताच्या भीतीने घालायचा असेल तर घालू नका, कारण ती भीती कुठल्याही दुकानात विकत घेतलेल्या मालाने जात नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि साधाच चिमटा, साधेच ब्रेक सांगितले. टायर मात्र रुंद घेतले. हँडल उंच नको म्हणाले, "मी काय म्हातारा आहे का?" मजुरीचा विषय मी त्यांना काढू दिला नाही.

निघताना सुलभाताई दारात थांबल्या. "सायकल करा दुरुस्त. पण ब्रेकला तुम्ही हात लावायचा नाही. ते हे बसवतील. तुम्ही शेजारी बसून सांगायचं."

मी बरं म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

दीड महिन्याने हात मोकळा झाल्यावर दोघं आली. तोवर चिमटा, चाक, टायर झाले होते. ब्रेकचे दोन्ही दांडे तसेच लोंबत ठेवले होते, त्यांची वाट बघत. सर सतरंजीवर बसले, मी स्टुलावर, हात मांडीखाली दाबून. खरंच दाबून, कारण ते आपोआप पुढे जात होते. सरांनी चष्मा लावून शूवरची खूण वाचली, मोठ्याने, वर्गात वाचावी तशी. रबर सरकवलं. नवी पिन घातली. तार ओढून बोल्ट आवळला. जे मला सहा मिनिटांचं काम, त्याला त्यांना पाऊण तास लागला. मध्ये रबर टायरला लागत होतं, ते मी तोंडाने सांगितलं. सुलभाताई उभ्या राहून बघत होत्या, एकदाही बसल्या नाहीत.

मग सर निघाले. घाटात नाही, इथेच, अप्पर इंदिरानगरच्या चढावर जाऊन उतरून यायचं ठरलं. "उतारावर बघायला नको का?" म्हणाले. ते वळणापर्यंत दिसले, मग दिसेनासे झाले.

ताई शेवटी स्टुलावर बसल्या.  समोरच्या दुकानात कोणीतरी भाव करत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी एकदाही पाहिलं नाही, माझी टाप नव्हती. मी जन्मभर हजारो सायकली दुरुस्त करून रस्त्यावर सोडल्या आहेत, त्यातली एक परत येईपर्यंत असा बसलो नव्हतो. प्रत्येकीच्या वेळी असंच बसायला हवं होतं, असं मनात आलं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं. तुम्ही चार दिवस खरं दाबून ठेवलंत. फिट्टंफाट." आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

सर आले ते चांगल्या वेगात आले. दुकानासमोर आल्यावर ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. उतरले, सायकल स्टँडवर लावली आणि पुढच्या चाकाकडे वाकून बघत म्हणाले, "पासलकर, तार किंचित सैल राहिलीये वाटतं. माझ्याच्याने नीट आवळली गेली नाही. जरा बघता का?"

मी ताईंकडे पाहिलं. सतरंजीवर दहाचा पाना पडला होता, सरांनी टाकला होता तिथेच. सुलभाताई स्टुलावरून उठल्या, वाकल्या, तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

मी आधी चष्मा लावला.